गॅसकडून पेट्रोलकडे आणि पुन्हा गॅसकडे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही गेलो होतो. नाटकाचा दुसरा प्रवेश सुरू असताना वीज गेली. भाड्याने आणलेला छोटा जनरेटर सुरू केला, पण अर्ध्या तासात त्यातले पेट्रोल संपले. पेट्रोल पंप बराच लांब. कोणी तरी मोटारसायकलवरून डबा घेऊन गेले आणि बाकीचे आम्ही अंधारात बसून राहिलो. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, खिचडीच्या खोलीत गॅसची टाकी भरलेली आहे. ती लावली तर नाही का चालणार?"

आम्ही हसून म्हणालो, "अरे, ते पेट्रोलचं इंजिन आहे. ते गॅसवर कसं चालेल?"

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग रिक्षा कशी चालते?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. धोका टाळण्यासाठी आम्ही मुद्दाम तसे सांगितले, असेही म्हणता येणार नाही. त्या क्षणी आम्हांला खरोखरच तसे वाटत होते. 'पेट्रोल इंजिन' आणि 'डिझेल इंजिन' असे दोन प्रकार आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. नावातच इंधन आहे, तेव्हा ते इंजिन त्याच इंधनाचे, असे मनात पक्के बसते. घरी आल्यावर आम्ही या इंजिनाचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आले, की मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर जवळजवळ उलटे होते. ज्याला आपण पेट्रोलचे इंजिन म्हणतो ते जन्माने गॅसचेच इंजिन आहे. पेट्रोल त्याच्या आयुष्यात नंतर आले.

रस्त्यावरच्या दिव्यांचा गॅस

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठ्या शहरांमध्ये रस्त्यांखालून गॅसचे नळ गेलेले होते. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून हा गॅस काढीत. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, बराचसा मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड असे. त्यावर रस्त्यांतले आणि घरांतले दिवे जळत. मुंबईच्या रस्त्यांवरही १८६५ साली असे गॅसचे दिवे लागले.

पॅरिसमध्ये राहणाऱ्या एत्येन लन्वार या कारागिराने १८६० साली या गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. बाहेरून ते आडव्या वाफेच्या इंजिनासारखेच दिसे. फरक असा, की सिलिंडरमध्ये वाफेऐवजी हवा आणि गॅस यांचे मिश्रण जाई आणि विजेच्या ठिणगीने ते आतच पेटे. मिश्रण पेटवण्यापूर्वी दाबण्याची कल्पना त्यात नव्हती. त्यामुळे जळणाऱ्या गॅसमधल्या उष्णतेपैकी शंभरातले चार-पाच भागच कामी येत. बाकीची वाया जाई. तरीही छोट्या कारखानदारांना हे इंजिन आवडले. बॉयलर नको, कोळशाचा ढीग नको, पहाटे उठून आग पेटवणारा माणूस नको. नळाची तोटी फिरवली की इंजिन सुरू, बंद केली की खर्च बंद.

लन्वारच्या इंजिनाची बातमी जर्मनीत निकोलाउस ओटो या फिरत्या विक्रेत्याच्या कानावर आली. त्याचे तंत्रशिक्षण झालेले नव्हते. मालाचे नमुने घेऊन तो गावोगाव हिंडे. लन्वारच्या इंजिनाला गॅसच्या नळाशी बांधून राहावे लागते, ही त्याची मर्यादा त्याच्या ध्यानात आली. म्हणून १८६१ साली त्याने आणि त्याच्या भावाने अल्कोहोलच्या वाफेवर इंजिन चालवण्याच्या युक्तीसाठी पेटंट मागितले. ते नाकारले गेले. म्हणजे द्रव इंधनाची कल्पना ओटोजवळ अगदी सुरुवातीपासून होती. पण पुढची अनेक वर्षे तो गॅसच्याच इंजिनावर काम करीत राहिला.

ओटो आणि त्याचा भागीदार ऑयगेन लांगेन यांच्या इंजिनाला १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. लन्वारच्या इंजिनापेक्षा निम्म्याहून कमी गॅस ते खात असे. मग १८७६ साली ओटोने चार धावांचे इंजिन तयार केले: मिश्रण आत ओढणे, दाबणे, पेटवून काम करून घेणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे. आठवी-नववीच्या मुलांकडून आपण ज्याची आकृती काढून घेतो ते हेच इंजिन. अशा चार धावांची कल्पना फ्रान्सच्या आल्फाँस बो द रोशा यांनी १८६२ सालीच कागदावर मांडली होती, असे पुढे सिद्ध झाले आणि त्या कारणाने १८८६ साली ओटोचे पेटंट रद्द झाले. पण चालते इंजिन बनवले ते ओटोने. आणि ते चालले गॅसवर.

या गॅस इंजिनांची एक छोटी अडचण पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावी. इंजिन गॅस सलग घेत नाही, घोट घेतल्यासारखा घेते. त्यामुळे त्याच नळावरच्या शेजारच्या घरातले दिवे लुकलुकू लागत. त्यावर उपाय म्हणून नळ आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची एक पिशवी बसवीत. नळातून पिशवी सावकाश भरे आणि इंजिन तिच्यातून आपला घोट घेई. या पिशवीची नात आपल्याला शेवटी भेटणार आहे.

पेट्रोल कशासाठी आले?

गॅस चांगला होता, इंजिनही चांगले होते. पण नळ बरोबर घेऊन गाडी रस्त्यावर धावू शकत नाही. गॅस बरोबर न्यायचा तर तो मावणार कशात? एक लिटर पेट्रोल जळून जेवढी उष्णता मिळते, तेवढी मिळवायला कोळशाचा गॅस साध्या दाबाला सुमारे दोन हजार लिटर लागतो.

ओटोच्या कारखान्यातून १८८२ साली गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख बाहेर पडले. त्यांना हलके, वेगवान आणि कोठेही नेता येईल असे इंजिन हवे होते. त्या काळी खनिज तेलापासून मुख्यतः दिव्यांचे रॉकेल काढीत. रॉकेलपेक्षा लवकर उडून जाणारा हलका भाग, म्हणजे आपले पेट्रोल, त्याला फारशी मागणी नव्हती. डाग काढण्यासाठी तो औषधांच्या दुकानात बाटलीत मिळे. बर्था बेन्झ यांनी १८८८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दोन मुलांना घेऊन पतीच्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा वाटेत व्हिस्लोख गावी त्यांनी इंधन घेतले ते औषधाच्या दुकानातूनच.

आता पेट्रोल द्रव आहे आणि ओटोचे इंजिन वायूचे. मग मधे काही तरी हवे, जे द्रवाचा गॅस करून देईल. ते काम कार्बोरेटरने केले. सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन त्याची वाफ उचलीत. मायबाखने १८९३ साली बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला. म्हणजे पाहा, इंजिनाला पेट्रोल लागत नव्हतेच. त्याला हवेत नीट मिसळलेले जळाऊ बाष्प लागत होते. कार्बोरेटर म्हणजे बरोबर बाळगलेला छोटासा गॅस कारखानाच!

उडून जाणारे पेट्रोल

पुढचा टप्पा अमेरिकेत घडला. मोटारी वाढल्या आणि पेट्रोल कमी पडू लागले. तेव्हा तेलविहिरीतून निघणाऱ्या वायूवर दाब देऊन, तो थंड करून त्यातूनही पेट्रोल काढू लागले. हे पेट्रोल मोठे खोडकर होते. त्याची वाफ फार होई आणि भांड्याची झाकणे उडत.

पिट्सबर्गमध्ये सरकारी खाण संस्थेत वॉल्टर स्नेलिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत. गोष्ट अशी सांगतात, की १९१० साली एका मोटारमालकाने त्यांच्याकडे तक्रार आणली: विकत घेतलेले पेट्रोल घरी जाईपर्यंत निम्मे होते! स्नेलिंग यांनी त्या पेट्रोलचा नमुना बाटलीत भरला, तर वाटेत बाटलीचे बूच पुनःपुन्हा उडू लागले. स्नेलिंग यांनी जुन्या पाणी तापवायच्या बंबाची नळी आणि प्रयोगशाळेतले सटरफटर सामान जोडून ऊर्ध्वपातनाचे उपकरण बनवले आणि पेट्रोलमधून निसटणारे घटक वेगळे केले. ते मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन होते. यासंबंधीचे पेटंट त्यांना १९१३ साली मिळाले.

प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्या खोलीत तो वायूच असणार. पण २० अंश तापमानाला त्याच्यावर वातावरणाच्या साधारण साडेआठ पट दाब ठेवला, की तो द्रव होतो. द्रव झाल्यावर त्याचे आकारमान सुमारे २७० पटींनी घटते. झडप उघडली की तो पुन्हा आपोआप वायू होतो. लन्वार आणि ओटो यांना जी अडचण सुटली नव्हती, तिचे उत्तर हे होते: बरोबर नेताना द्रव आणि इंजिनात जाताना गॅस. कार्बोरेटरचा खटाटोपच नको.

आकाशातले एक उदाहरण

एकच इंजिन दोन्ही इंधनांवर चालते, याचे मोठे उदाहरण 'ग्राफ झेपेलिन' या जर्मन हवाई जहाजाचे. १९२८ साली ते प्रथम उडाले. हायड्रोजनने भरलेल्या या जहाजाला मायबाख कंपनीची पाच इंजिने होती. अडचण अशी, की इंजिनांनी पेट्रोल जाळले की जहाज हलके होई आणि वर जाऊ लागे. ते खाली ठेवायला हायड्रोजन सोडून द्यावा लागे, म्हणजे नुकसानच. यावर काढलेली युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. पेट्रोलऐवजी त्यांनी 'ब्लाउ गॅस' वापरला. हेर्मान ब्लाउ या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा हायड्रोकार्बन वायूंचा मिश्र गॅस जवळजवळ हवेइतक्याच घनतेचा होता. तो कितीही जळला, तरी त्याच्या जागी तेवढ्याच आकारमानाची, तेवढ्याच वजनाची हवा येणार. जहाजाचे वजन बदलणारच नाही! हीच इंजिने गरज पडल्यास पेट्रोलवरही चालत. १९२९ च्या ऑगस्टमध्ये या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

मग गॅस मागे का पडला?

याचे उत्तर मुख्यतः सोयीत आहे. पेट्रोल डब्यात ओतता येते, पत्र्याच्या टाकीत राहते. प्रोपेनला जाड भिंतींची टाकी, झडपा आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर लागतो. या सोयीची किंमत मात्र जगाने मोठी मोजली.

इंजिनातून जास्त शक्ती मिळवायची तर मिश्रण जास्त दाबावे लागते. पण त्या काळचे पेट्रोल जास्त दाबले, की मिश्रणाचा उरलेला भाग एकदम भडकून इंजिन खडखडू लागे. इंधनाची हा खडखडाट टाळण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. प्रोपेनचा हा अंक ११० च्या आसपास, म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा बराच वरचा. अल्कोहोलही या बाबतीत चांगले होते. पण अमेरिकेत थॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी आढळले, की शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलमध्ये अगदी थोडे घातले तरी खडखडाट थांबतो. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीला आले. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मरण पावले. तरीही ते चालू राहिले. पुढची कित्येक दशके जगभरच्या मुलांच्या श्वासातून शिसे जात राहिले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ च्या जुलैमध्ये थांबला.

प्रोपेन वापरला असता तर हे सारे टळलेच असते, असे आम्ही म्हणणार नाही. सगळ्या मोटारींना पुरेल एवढा प्रोपेन त्या काळी टाक्यांत भरून मिळतही नव्हता. पण खडखडाटावर शिसे हाच एक उपाय होता असे कोणी शिकवले, तर ते खरे नाही. दुसरे मार्ग होते. ते गैरसोयीचे होते.

टंचाई आली की आठवण येते

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा युरोपातल्या लाखो मोटारी लाकडाच्या आणि कोळशाच्या गॅसवर चालल्या. गाडीच्या मागे एक उंच भट्टी बसवीत. तिच्यात कमी हवेत कोळसा जाळला, की प्रथम कार्बन डायॉक्साइड होई आणि तो तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होई. हा जळाऊ गॅस गाळून, थंड करून थेट इंजिनाला देत. पेट्रोलच्या टंचाईमुळे भारतातही लोणारी कोळशाच्या गॅसवर बसगाड्या आणि ट्रक धावले. जुन्या माणसांना चढावर धापा टाकणाऱ्या आणि निघण्यापूर्वी पंखा फिरवून भट्टी फुलवाव्या लागणाऱ्या या गाड्या आठवत असत. धापा टाकण्याचे कारण असे, की या गॅसमध्ये निम्मा तर हवेतून आलेला नायट्रोजनच असतो. तो सिलिंडरमधली जागा अडवतो आणि जळत काहीच नाही.

युद्धानंतर पेट्रोल परत आले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. प्रोपेन मात्र काही ठिकाणी टिकून राहिला. शिकागोच्या शहर बससेवेने १९५० साली प्रोपेनवर चालणाऱ्या बसगाड्यांची मागणी नोंदवली. जपानातल्या टॅक्सी १९६० च्या दशकापासून द्रवरूप पेट्रोलियम गॅसवर चालू लागल्या. मुंबईत हा गॅस १९५० च्या दशकाच्या मध्यात आला तो स्वयंपाकासाठी. वाहनात तो वापरण्याची परवानगी देणारी कायदेदुरुस्ती २००० साली झाली आणि त्याचे नियम २००१ साली आले. त्या मुलाने पाहिलेली रिक्षा ही अशी.

आणि आता जनरेटर. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी 'सँडी' नावाचे वादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीत धडकले. लाखो घरांची वीज गेली. पुष्कळ घरांत पेट्रोलचे जनरेटर होते. पण पेट्रोल पंप विजेवर चालतात! जनरेटरला पेट्रोल हवे, पेट्रोल उपसायला वीज हवी. पंपांपुढे मैलभर रांगा लागल्या. न्यू जर्सीच्या १२ जिल्ह्यांत ३ नोव्हेंबरपासून मोटारींच्या सम-विषम क्रमांकांनुसार एक दिवसाआड पेट्रोल देण्याची वेळ आली. त्याच घरांच्या मागच्या अंगणात मांस भाजायच्या शेगडीला जोडलेली प्रोपेनची टाकी उभी होती. शाळेतल्या त्या मुलाला सुचले तेच तेथे अनेकांना सुचले. आज त्या देशात दोन्ही इंधनांवर चालणारे जनरेटर दुकानात तयार मिळतात आणि जुन्या जनरेटरला बसवण्याचे सुटे भागही मिळतात.

बदल नेमका कोणता?

जनरेटरच्या इंजिनाचे दट्टे, झडपा, ठिणगीचा प्लग यांना सहसा हात लावावा लागत नाही. बदलते ती फक्त इंधन येण्याची वाट. जनरेटरचे इंजिन नेहमी एकाच वेगाने फिरते (दोन ध्रुवांचा असेल तर आपल्याकडे मिनिटाला ३००० फेरे, अमेरिकेत ३६००), त्यामुळे मोटारीपेक्षा हा बदल सोपा पडतो.

प्रोपेनच्या टाकीतला दाब रेग्युलेटर आधी पुष्कळ खाली आणतो. मग येते दुसरी झडप. तिच्यात रबरी पडदा असतो. इंजिन हवा ओढते तेव्हा पडदा हलतो आणि गॅसचा घोट सोडतो. इंजिन थांबले, ओढ थांबली, की गॅसही बंद. लुकलुकणाऱ्या दिव्यांसाठी बसवलेल्या त्या रबरी पिशवीची ही नात. मात्र हिच्यावर आता सुरक्षिततेचीही जबाबदारी आहे. तेथून गॅस हवेच्या नळीतल्या अरुंद भागात येतो आणि हवेत मिसळतो.

मिश्रणाचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांकडून करून घेता येईल. प्रोपेनचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. म्हणून एक लिटर प्रोपेन वायूला ५ भागिले ०.२१, म्हणजे सुमारे २४ लिटर हवा लागते. म्हणजेच मिश्रणात प्रोपेन ४ टक्के. आता पेट्रोलऐवजी ऑक्टेन धरा (८ कार्बन, १८ हायड्रोजन). त्याला साडेबारा रेणू ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ६० पट हवा लागते. मिश्रणात बाष्प दोन टक्क्यांहूनही कमी. शिवाय पेट्रोलचा काही भाग थेंबांच्या रूपात आत जातो आणि तेथे बाष्प होताना हवेला थंड करून तिची घनता वाढवतो. म्हणून तेच इंजिन प्रोपेनवर थोडी कमी शक्ती देते. मिथेनसाठी हाच हिशेब करून पाहा. मिश्रणात तो साडेनऊ टक्के जागा अडवतो, तेव्हा शक्ती आणखी घटते. कोळशाच्या गॅसवरची बस धापा का टाकत होती, हेही मुलांना यातून कळेल.

दुसरा हिशेब खर्चाचा. जनरेटर २ किलोवॉट वीज देत आहे आणि त्याची कार्यक्षमता २० टक्के आहे असे समजू. म्हणजे इंधनातून १० किलोवॉट, तासाला ३६ मेगाज्यूल उष्णता हवी. एक किलो प्रोपेन सुमारे ४६ मेगाज्यूल देतो. तेव्हा तासाला पाऊण किलोपेक्षा किंचित जास्त. अमेरिकेतल्या त्या शेगडीच्या टाकीत ९ किलो मावतो; ती साडेअकरा तास पुरेल. लिटरच्या हिशेबात मात्र द्रव प्रोपेन पेट्रोलच्या सुमारे तीन चतुर्थांशच ऊर्जा देतो. प्रोपेनचे वायूत रूपांतर होताना त्याला अप्रकट उष्मा लागतो आणि तो टाकीच्या भिंतीतून येतो. म्हणून गॅस भराभर ओढला, की टाकी गार पडते, तिच्यावर दव धरते आणि आतला दाब उतरतो. थंड देशात मुख्यतः प्रोपेनच का वापरतात, याचेही कारण येथेच आहे. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश; हिमवर्षावात तो टाकीतून वर येणारच नाही. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेनचे प्रमाण मोठे असूनही चालते, कारण आपली हवा उबदार.

फायदा आणखी एक आहे. पेट्रोल काही महिने पडून राहिले की त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ होतो आणि कार्बोरेटरची छिद्रे बुजतात. वर्षातून एकदा लागणारा जनरेटर नेमका त्याच दिवशी सुरू होत नाही, त्याचे हे एक नेहमीचे कारण. प्रोपेन वर्षानुवर्षे तसाच राहतो.

त्या मुलाला काय सांगायला हवे होते?

"चालेल," हे पहिले. "आणि म्हणूनच तू हे करू नकोस," हे दुसरे. नुसते दुसरे सांगून भागत नाही. "चालणारच नाही" असे शिक्षकाने सांगितलेले मूल एखाद्या दिवशी ते चालताना पाहते. मग शिक्षकाने सांगितलेल्या धोक्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

धोका कशात आहे, तेही हिशेबानेच सांगता येते. प्रोपेनचा रेणुभार ४४, ब्यूटेनचा ५८, हवेचा सरासरी २९. म्हणजे हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळला तर वर उडून न जाता जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खोलगट जागी साठतो. हवेत सुमारे २ टक्के प्रोपेन झाला, तरी तो पेट घेतो. ओढीवर उघडणारी ती पडद्याची झडप नसेल आणि स्वयंपाकाच्या टाकीची नळी नुसतीच इंजिनाच्या तोंडात खुपसली असेल, तर इंजिन बंद पडल्यावरही गॅस येतच राहील. शेजारी तापलेला धूरनळकांडा असेल. म्हणून असा बदल त्यासाठीच बनवलेल्या भागांनी, जाणत्या माणसाने आणि नियमांनुसारच करायचा. स्वयंपाकासाठी मिळालेली टाकी यासाठी वापरायला आपल्याकडे कायद्याचीही परवानगी नाही.

आणि तिसरे. प्रोपेनचा धूर डोळ्यांना चुरचुरत नाही, त्याला वास कमी, म्हणून तो निर्धोक आहे असे वाटते. पण कार्बन असलेले कोणतेही इंधन इंजिनात जळले, की थोडा कार्बन मोनॉक्साइड होतोच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. अमेरिकेत वादळानंतर घरात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये लावलेल्या जनरेटरमुळे दरवर्षी डझनावारी माणसे झोपेतच दगावतात. पेट्रोल असो, प्रोपेन असो, जनरेटरची जागा उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर. शाळेच्या त्या कार्यक्रमात आमचा जनरेटर पाऊस लागू नये म्हणून रंगमंचामागच्या खोलीत ठेवला होता. तेव्हा आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नव्हते. पेट्रोल लवकर संपले, हे त्या रात्री एका अर्थी बरेच झाले.

आता हा धडा शिकवताना आम्ही फळ्यावर 'पेट्रोल इंजिन' असे लिहून झाल्यावर कंसात 'ठिणगीने पेटणारे' असे लिहितो आणि 'डिझेल इंजिन' समोर 'दाबाने पेटणारे' असे लिहितो. मग मुलांना विचारतो, की पहिल्या इंजिनात काय काय जाळता येईल? यादी कोळशाच्या गॅसपासून सुरू होते आणि गोबर गॅसपर्यंत येते. एका वर्गात एका मुलीने विचारले, "मग सर, नुसता हायड्रोजन?" तिला आम्ही लगेच उत्तर दिले नाही. लन्वारच्या गॅसमध्ये निम्मा हायड्रोजनच होता, एवढे सांगितले आणि एका लिटरला किती हवा लागेल ते काढून आणायला सांगितले.